‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असं सर म्हणाले तर काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मेडिसिनच्या युनिटमध्ये चार आठवडे काम केलंत. युनिटप्रमुख सरांकडे अमेरिकेतल्या रेसिडेन्सीच्या, म्हणजे तिथल्या पदव्युत्तर वैद्यकीय प्रशिक्षणाच्या अर्जासाठी शिफारसपत्र मागितलंत. सर लगेच हो म्हणाले आणि पुढच्याच वाक्यात म्हणाले, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ आता दोन दिवस तुम्ही कोऱ्या पानासमोर बसला आहात. हे करणं योग्य आहे का, आणि करायचंच असेल तर स्वतःचं कौतुक स्वतःच्या हाताने लिहायचं कसं, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली बावीस वर्षं मेडिसिन शिकवते. या काळात विद्यार्थ्यांसाठी भरपूर पत्रं लिहिली आणि निवड समितीवर बसून त्याहून जास्त वाचली. म्हणजे या कागदाच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत. हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी माझ्याकडे घेऊन येतं, बहुतेक वेळा अपराधी चेहऱ्याने. तो अपराधीपणा आधी बाजूला ठेवा. सरांनी सांगितलं, तुम्ही मागितलं नव्हतं. पुढे तुम्ही काय करता, एवढंच तुमच्या हातात आहे.

अडचण शब्दांची आहे असं तुम्हाला वाटतंय. मला ती वेगळीच दिसते. शिफारसपत्र ही साक्ष असते. एका अनुभवी डॉक्टरने तुम्हाला वॉर्डात काम करताना पाहिलं आणि जे पाहिलं ते तो दुसऱ्या डॉक्टरला सांगतोय, यात त्या कागदाचं सगळं वजन आहे. तुमच्या बाबतीत साक्षीदार गप्प आहे आणि साक्ष तुम्हाला लिहायची आहे. म्हणून तुम्ही काहीही लिहिलंत तरी ते पोकळ वाटतंय. वाटणारच, कारण सरांनी नक्की काय पाहिलं हे तुम्हाला ठाऊकच नाही. तेव्हा सुंदर वाक्यं शोधण्याआधी सरांकडून त्यांची साक्ष काढून घ्यायला हवी.

त्यासाठी आधी सर असं का म्हणाले याचा अंदाज घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. बहुतेक वेळा कारण साधं असतं: ओपीडी, परीक्षा, कार्यालयीन कागद, आणि लांबलचक इंग्रजी पत्र लिहायला वेळ नाही. काही जणांना त्यांच्याही सरांनी असंच सांगितलं होतं, त्यामुळे यात काही वावगं आहे असं त्यांना वाटत नाही. काहींना तुम्ही चांगल्या आठवता, पण तपशील आठवत नाहीत. या तिन्ही प्रकारांत मार्ग निघतो. चौथा प्रकार मात्र ओळखता आला पाहिजे. सरांना तुम्ही आठवतच नाही, किंवा तुमच्या कामाबद्दल त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नाही आणि तोंडावर नाही म्हणवत नाही. अशा वेळी ‘तूच लिही’ हा सौम्य नकार असतो. तो ओळखायचा एक सरळ उपाय आहे. विचारायचं, ‘सर, तुम्ही माझ्यासाठी भक्कम पत्र देऊ शकाल असं तुम्हाला वाटतं का?’ उत्तर येण्याआधी चेहऱ्यावर जे दिसेल ते पाहा. तिथे अडखळ दिसली तर दुसऱ्या शिक्षकांकडे जा. ते हुद्द्याने लहान असले तरी चालेल. ज्या सहायक प्राध्यापकांनी तुमच्या पंधरा केसेस ऐकल्या, त्यांच्या पत्रात जे असेल ते नुसतं नाव ऐकून असलेल्या विभागप्रमुखांच्या पत्रात येऊच शकत नाही. वाचणाऱ्याला हा फरक पहिल्या परिच्छेदात कळतो.

आता योग्य-अयोग्यतेचं. पत्र जिथे जाणार आहे तिथल्या सूचना आधी नीट वाचा. काही अर्जांत पत्र लिहिणाऱ्यालाच कबूल करावं लागतं की मजकूर त्याचा स्वतःचा आहे. तिथे तुम्ही मसुदा लिहायचा नाही, विषय संपला. सरांना ती सूचना दाखवा, बहुतेक जण समजून घेतात. अमेरिकेत बहुतेक विषयांचे अर्ज ‘इरास’ या ऑनलाइन अर्जप्रणालीतून जातात. तिथे पत्र लिहिणारा ते स्वतः अपलोड करतो आणि तुम्हाला पत्र पाहण्याचा हक्क सोडता येतो. या हक्काचं मूळ तिथल्या १९७४च्या कायद्यात आहे. त्या कायद्याने विद्यार्थ्यांना आपली शैक्षणिक कागदपत्रं पाहण्याचा अधिकार दिला आणि शिफारसपत्रांपुरता तो स्वेच्छेने सोडण्याची मुभाही ठेवली. जवळजवळ सगळे जण तो सोडतात, कारण न सोडलेल्या पत्राकडे वाचणारा थोडं साशंक नजरेने पाहतो.

खरी गाठ इथेच बसते. ‘मी हे पत्र पाहणार नाही’ असं एकीकडे लिहून द्यायचं आणि दुसरीकडे तेच पत्र शब्दन् शब्द टाइप करून फक्त सहीसाठी पुढे करायचं, या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत. माझ्या मते प्रामाणिक रेषा अशी आहे: सामग्री तुम्ही द्यायची, हवं तर कच्चा मसुदाही द्यायचा, पण अंतिम मजकूर, तुमच्याबद्दलचं मत आणि अपलोड हे सगळं सरांचं. मसुदा पीडीएफमध्ये कधीच देऊ नका. वर्डची फाइल द्या आणि तिच्यात सरांनी भरायच्या जागा मोकळ्या ठेवा. नंतर त्यांनी काय बदललं ते विचारू नका.

आता प्रत्यक्ष काय करायचं. मसुदा लिहायच्या आधी सरांची पंधरा मिनिटं मागा. जाताना एक पान सोबत न्या. त्यावर पोस्टिंगच्या तारखा, तुम्ही सादर केलेल्या केसेस, राउंडवर सरांशी झालेल्या दोन-तीन ठळक चर्चा, तुम्ही घेतलेलं सेमिनार, केलेल्या प्रोसीजर्स, एवढंच असावं. लॉगबुक उघडून लिहा, आठवणीवर विसंबू नका. रुग्णांची नावं किंवा नोंदणी क्रमांक त्या पानावर येऊ देऊ नका. सरांना आठवायला ‘सोडियम कमी झालेल्या आजी’ एवढं पुरतं. मग तीन गोष्टी विचारा. माझं कुठलं काम तुमच्या लक्षात राहिलं? माझ्यात कुठे सुधारणा झालेली तुम्ही पाहिलीत? माझ्या बरोबरीच्या विद्यार्थ्यांमध्ये तुम्ही मला कुठे ठेवाल? सर जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. जी माणसं लिहायला कंटाळतात ती बोलताना बऱ्याचदा भरभरून सांगतात. मी स्वतः पत्र लिहिते तेव्हाही विद्यार्थ्याला समोर बसवून आधी बोलते. त्याशिवाय माझं पत्र पुढे सरकत नाही.

हे इतकं ठासून सांगण्यामागे एक अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी एक इंटर्न माझ्याकडे स्वतः लिहिलेला मसुदा घेऊन आला. मी मागितला नव्हता, माझा वेळ वाचावा म्हणून त्याने तो आणला होता. पहिलं वाक्य असं होतं: ‘तो अत्यंत हुशार, मेहनती, वक्तशीर आणि रुग्णांबद्दल कळवळा असलेला विद्यार्थी आहे.’ पुढे दीड पान त्याच चालीचं होतं, आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी ते बाजूला ठेवलं आणि विचारलं, ‘त्या आजींच्या औषधांच्या पिशवीचं यात का नाही?’ त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘मॅडम, ते तर माझं कामच होतं.’

झालं असं होतं. एक वयस्कर बाई भ्रमिष्टासारखं बोलतात म्हणून रात्री दाखल झाल्या. रक्तातलं सोडियम ११४ आलं. ते १३५ ते १४५ असायला हवं. कागदांवर औषधांच्या रकान्यात नुसतं ‘बीपीची गोळी’ असं लिहिलेलं होतं. या मुलाने नातेवाइकांना घरून औषधांची सगळी पिशवी आणायला सांगितली, स्ट्रिपवरची बारीक अक्षरं वाचली आणि त्याला दिसलं की तीन आठवड्यांपूर्वी बदललेल्या गोळीत दुसऱ्या औषधाच्या जोडीला हायड्रोक्लोरोथायाझाइड आहे. वयस्कर बायकांमध्ये सोडियम उतरण्याचं हे नेहमीचं कारण. गोळी बंद केली, सलाइन सुरू झालं. इथवर कुठल्याही चांगल्या इंटर्नने केलं असतं. पण पहाटे त्याच्या लक्षात आलं की लघवीचं प्रमाण एकदम वाढलंय. अशा वेळी सोडियम फार वेगाने चढू शकतं, म्हणून तपासण्याची ठरलेली वेळ झालेली नसताना त्याने पुन्हा सोडियम तपासायला पाठवलं. सहा तासांत ते ७ने वर गेलं होतं. चोवीस तासांत साधारण ८ ते १०च्या वर जाऊ द्यायचं नसतं, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. त्याने रेसिडेंटला उठवलं आणि वाढ वेळेत आवरली गेली. हे सगळं मला सकाळच्या राउंडवर रेसिडेंटने सांगितलं. मुलगा मागे उभा होता, त्याने स्वतःहून एक शब्द काढला नाही.

पत्रात मी हेच लिहिलं, पाच-सहा वाक्यांत. ‘हुशार’ आणि ‘मेहनती’ हे शब्द वापरायची गरजच पडली नाही. आपण केलेल्या कुठल्या गोष्टीला पत्रात जागा मिळायला हवी हे विद्यार्थ्याला कळत नाही, कारण त्याला ते रोजचं काम वाटतं. ते बाहेर उभ्या असलेल्या माणसालाच दिसतं. म्हणूनच सरांशी बोलल्याशिवाय मसुदा लिहायला घेऊ नका, मग त्या बोलण्यासाठी आठवडाभर थांबावं लागलं तरी चालेल.

आता कागदाकडे. सुरुवातीला सर तुम्हाला कसे ओळखतात ते यावं: किती आठवडे, वॉर्डात की ओपीडीत, रोज की आठवड्यातून दोन राउंड, आणि यातलं त्यांनी स्वतः किती पाहिलं. हा भाग कोरडा दिसतो, पण वाचणारा त्यावरूनच ठरवतो की पुढच्या मजकुरावर किती विसंबायचं. चार आठवडे असतील तर चारच लिहा. मग एक प्रसंग, फार तर दोन. त्यानंतर चुकलेलं सांगितल्यावर तुम्ही काय केलंत याचा एक परिच्छेद. हा परिच्छेद विद्यार्थी हमखास गाळतात आणि मी पत्र वाचताना सगळ्यात आधी तोच शोधते. पहिल्या आठवड्यात तुमचं केस प्रेझेंटेशन पसरट होतं, सरांनी टोकलं, तिसऱ्या आठवड्यात ते पाच मिनिटांत नेमकं यायला लागलं, हे लिहिलं तर त्या माणसाने खरंच तुमच्याकडे पाहिलंय याची खात्री पटते. सगळं एका पानात बसवा, अगदीच गरज असेल तर दीड.

मोकळं सोडायचं ते तुलनेचं वाक्य. ‘गेल्या दहा वर्षांतल्या सर्वोत्तम विद्यार्थ्यांपैकी एक’ हे तुम्ही स्वतः लिहायचं नाही. हे वाक्य पूर्णपणे सरांच्या अधिकारातलं आहे आणि वाचणारा ते फार गंभीरपणे घेतो. इमर्जन्सी मेडिसिनमध्ये तर १९९०च्या दशकापासून साध्या पत्राऐवजी ठरावीक नमुन्याचं पत्र चालतं आणि त्यात इतर विद्यार्थ्यांच्या तुलनेत तुम्ही कुठे बसता हे स्पष्ट विचारलेलं असतं. इतकी त्या एका मताला किंमत आहे. मसुद्यात तिथे कंसात लिहा: ‘सर, इथे तुमचं मत.’ शिफारस किती जोरात करायची, साधी की अतिशय ठाम, तेही तसंच सोडा. मोकळ्या जागेचा आणखी एक फायदा आहे. ती भरण्यासाठी सरांना कागद वाचावाच लागतो.

स्वतःबद्दल लिहिताना दोन टोकं होतात. काही जण विशेषणांचा पाऊस पाडतात. काही जण, आणि माझ्या पाहण्यात यात मुली जास्त, स्वतःला इतकं आवरून लिहितात की वाचणाऱ्याला वाटावं सरांनाच शंका आहे. २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापकपदासाठी आलेली तीनशेहून अधिक शिफारसपत्रं त्यात तपासली होती. स्त्रियांसाठीची पत्रं सरासरीने आखूड निघाली, त्यांत शंका निर्माण करणारी वाक्यं जास्त होती आणि कष्टाळूपणाचं कौतुक जास्त होतं. ती पत्रं विद्यार्थ्यांची नव्हती आणि दुसऱ्यांनी लिहिलेली होती. पण तुम्ही स्वतःचा मसुदा लिहाल तेव्हा हाच साचा तुमच्या हातून उतरू शकतो. ‘कष्टाळू, सोशिक, सगळ्यांशी मिळूनमिसळून वागणारी’ असं आपसूक लिहून झालं असेल तर थांबा. तुम्ही काय ओळखलंत, काय ठरवलंत आणि त्याने रुग्णाच्या उपचारात काय बदललं, ते तिथे लिहा. संकोच वाटत असेल तर वाक्यात फक्त घडलेलं ठेवा. घडलेलं सांगण्यात बढाई नसते.

एक धोका फारसा कुणी सांगत नाही. रेसिडेन्सीच्या एका प्रोग्रामला इरासमधून जास्तीत जास्त चार पत्रं जातात आणि ती चारही एकच माणूस एका बैठकीत वाचतो. मी एकदा अशाच एका अर्जात दोन वेगळ्या विभागांतल्या, दोन वेगळ्या सह्यांच्या पत्रांत एकच वाक्य वाचलं, स्वल्पविरामासकट. मुलगी चांगली असणार, गुण उत्तम होते. पण त्यानंतर उरलेल्या दोन पत्रांवरही माझा विश्वास बसेना, आणि समितीतल्या बाकीच्यांचंही तसंच झालं. मला आजही त्याची हळहळ वाटते, कारण तिने बहुधा सरांनी सांगितलं म्हणूनच लिहिलं असणार. तेव्हा एकाहून जास्त शिक्षकांनी तुम्हालाच लिहायला सांगितलं असेल तर मसुदा फार तर एकाचा करा. बाकीच्यांना फक्त ते एक पान द्या आणि पत्र त्यांच्या शब्दांत येऊ द्या, अगदी चार ओळींचं आलं तरी.

चॅटजीपीटीकडून लिहून घेऊ का, असंही तुमच्या मनात आलं असेल. इंग्रजी तपासायला वापरा, त्यात मला काही गैर वाटत नाही. पण मजकूर त्याच्याकडून घेतलात तर पुन्हा तीच गुळगुळीत विशेषणं मिळतील. अलीकडे अशी पत्रं इतकी येतात की दुसऱ्या ओळीला ओळखू येतात. आणि रुग्णाचा कुठलाही ओळख पटेल असा तपशील त्यात टाकू नका.

सरांना सांगायचं कसं, ही तुमची खरी भीती असेल. युनिटप्रमुखांना ‘मी लिहिणार नाही’ असं म्हणणं सोपं नाही, मला माहीत आहे, आणि तसं म्हणायची गरजही नाही. इतकंच म्हणा: ‘सर, मी मुद्दे आणि कच्चा मसुदा आणते, पण तुमचं मत माझ्या शब्दांत यायला नको. पंधरा मिनिटं मिळाली तर तुम्ही सांगाल ते मी टिपून घेते.’ असं म्हटल्यावर रागावलेले शिक्षक मी फारसे पाहिले नाहीत. सर तरीही न वाचता सही करायला निघाले तर मोकळ्या जागा दाखवा आणि तेवढ्या भरायची विनंती करा. तेही झालं नाही, तर ते पत्र वापरायचं की नाही हे तुम्हाला ठरवावं लागेल. दुसरं चांगलं पत्र हाती असेल तर मी असं न वाचता सही केलेलं पत्र वापरणार नाही.

हे सगळं शेवटच्या तारखेच्या किमान महिनाभर आधी सुरू करा. पत्र लेटरहेडवर असावं, खाली सही, हुद्दा आणि संपर्क असावा. अपलोडची लिंक सरांच्या ईमेलवर गेली की आठवड्याने एकदा आठवण करा, त्याहून जास्त नको.

आणि ते एक पान जपून ठेवा. अंतिम पत्र तुम्ही पाहणार नाही, पण त्यातले प्रसंग तुम्हीच दिलेले असतील आणि मुलाखतीत त्यांबद्दल विचारलं जाऊ शकतं. त्या इंटर्नला विचारलं गेलं होतं. समोरच्या डॉक्टरांनी माझं पत्र हातात धरून विचारलं, ‘ठरलेल्या वेळेआधी सोडियम पुन्हा का पाठवलंस?’ त्याने मला फोनवर सांगितलं की पुढची दहा मिनिटं ते दोघं फक्त त्या आजींच्या लघवीच्या चार्टबद्दल बोलत होते.